आभासी यंत्रांचे प्रतिकृतीकरण : छोट्या व्यवसायांतील आपत्ती-पुनर्प्राप्ती

आभासी यंत्रांचे प्रतिकृतीकरण म्हणजे एका यजमान संगणकावर चालणाऱ्या आभासी यंत्राची, म्हणजेच व्हर्च्युअल मशीनची, सुरू करण्याजोगी दुसरी प्रत वेगळ्या यजमान संगणकावर तयार ठेवणे आणि मूळ यंत्रातील बदल ठरावीक अंतराने त्या प्रतीपर्यंत पोहोचवत राहणे होय. आग, पूर, वीजप्रवाहातील बिघाड, चोरी किंवा संगणकीय हल्ला यांमुळे मूळ यंत्र निकामी झाल्यास ही प्रत सुरू करून काम पुढे चालवता येते. मोठ्या बँका व कंपन्या यासाठी स्वतंत्र आपत्ती-पुनर्प्राप्ती केंद्रे चालवतात. एक-दोन सर्व्हरवर चालणारे निवासगृह, जिनिंग कारखाना, रुग्णालय, पतसंस्था किंवा घाऊक दुकान यांच्यासाठी असे केंद्र आवाक्याबाहेरचे असते. मात्र आभासीकरणामुळे मर्यादित खर्चात काही तासांत पुन्हा उभे राहणे त्यांनाही शक्य झाले आहे. त्यासाठी यंत्रसामग्रीपेक्षा नियोजन अधिक लागते, आणि सामान्यतः तेच अपुरे पडते.

पार्श्वभूमी

एकाच भौतिक संगणकावर अनेक स्वतंत्र संगणक चालत असल्याचा आभास निर्माण करण्याचे तंत्र १९६० च्या दशकात आयबीएमच्या मोठ्या संगणकांवर विकसित झाले. व्हीएमवेअर या १९९८ साली स्थापन झालेल्या कंपनीने ते सामान्य संगणकांवर आणले. पुढे २००३ मध्ये झेन, २००७ मध्ये लिनक्सच्या गाभ्यातील केव्हीएम आणि २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टचे हायपर-व्ही आले. यजमान संगणकाची साधने अनेक आभासी यंत्रांत वाटून देणाऱ्या प्रणालीला हायपरव्हायजर म्हणतात.

आभासी यंत्र हे अखेर काही फायलींचा संच असते. त्याची डिस्क ही एक मोठी फाइल असते आणि स्मृती, प्रक्रियक व जाळ्याची मांडणी ही दुसऱ्या छोट्या फाइलमध्ये नोंदलेली असते. पूर्वी सर्व्हर बंद पडला की त्याच जातीचे यंत्र शोधावे लागे, त्यावर कार्यप्रणाली पुन्हा बसवावी लागे आणि मग राखीव प्रतीतून विदा उतरवावी लागे. यात सहज दोन-तीन दिवस जात. फायलींचा संच मात्र दुसऱ्या कंपनीच्या, दुसऱ्या क्षमतेच्या संगणकावरही चालतो. छोट्या व्यवसायाला प्रतिकृतीकरण परवडू लागले ते या एका गुणामुळे.

प्रतिकृतीकरण करताना प्रथम संपूर्ण डिस्कची प्रत दुसऱ्या ठिकाणी नेली जाते. त्यानंतर हायपरव्हायजर डिस्कच्या कोणत्या भागांत लेखन झाले याची नोंद ठेवतो आणि फक्त तेवढेच भाग पाठवतो. छोट्या व्यवसायांत जवळजवळ नेहमी असमकालिक पद्धत वापरली जाते, म्हणजे मूळ यंत्र दुसरीकडून पोच येण्याची वाट न पाहता काम करत राहते. समकालिक पद्धतीत प्रत्येक लेखन दोन्हीकडे झाल्यावरच पूर्ण मानले जाते. त्यासाठी अतिशय जलद व स्थिर जोडणी लागते आणि ती तालुक्याच्या ठिकाणी क्वचितच मिळते.

प्रतिकृती आणि बॅकअप

प्रतिकृती असल्यावर बॅकअपची गरज उरत नाही, हा या विषयातील सर्वांत घातक गैरसमज आहे. प्रतिकृती मूळ यंत्राचे अनुकरण करते, आणि चुकीचेही तितक्याच निष्ठेने. लेखापालाने चुकून वर्षभराची खतावणी पुसली तर पंधरा मिनिटांत ती प्रतिकृतीतूनही पुसली जाते. खंडणीखोर विषाणूने, म्हणजे रॅन्समवेअरने, फायली कुलूपबंद केल्या तर कुलूपबंद फायलींचीच प्रत तयार होते.

यावर अंशतः उपाय म्हणून प्रतिकृतीचे काही मागील टप्पे साठवून ठेवता येतात. उदाहरणार्थ, हायपर-व्हीमध्ये दर तासाचा एक याप्रमाणे मागील २४ तासांचे टप्पे राखता येतात. परंतु शनिवारी रात्री १० वाजता झालेला हल्ला सोमवारी सकाळी ९ वाजता लक्षात आला, तर मध्ये ३५ तास गेलेले असतात आणि साठवलेला प्रत्येक टप्पा दूषित असतो. त्यामुळे काही आठवडे ते काही महिने मागे जाता येईल असा वेगळा बॅकअप आवश्यक ठरतो. त्यातील किमान एक प्रत जाळ्यापासून पूर्ण तोडलेली किंवा ठरावीक मुदतीपर्यंत पुसताच न येणारी असावी लागते. प्रतिकृती व्यवसाय लवकर सुरू करते, तर बॅकअप जुनी व शुद्ध विदा परत देतो.

हल्लेखोराच्या हाती मूळ व राखीव दोन्ही प्रतींची किल्ली एकच असेल, तर प्रतींची संख्या निरर्थक ठरते. कोड स्पेसेस ही संगणक-आज्ञावली साठवण्याची सेवा देणारी छोटी कंपनी जून २०१४ मध्ये अशाच कारणाने बंद पडली. हल्लेखोराने तिच्या मेघसेवेच्या नियंत्रणकक्षात प्रवेश मिळवून मूळ विदेबरोबर राखीव प्रतीही पुसल्या. म्हणून प्रतिकृती घेणाऱ्या यजमान संगणकाचे परवलीचे शब्द मुख्य कार्यालयापेक्षा वेगळे ठेवणे आणि तो मुख्य कार्यालयाच्या डोमेनमध्ये न जोडणे श्रेयस्कर मानले जाते. सोयीसाठी सर्वत्र एकच प्रशासक खाते ठेवण्याची पद्धत छोट्या कार्यालयांत सर्रास आढळते.

दोन मोजमापे

नियोजनाची सुरुवात दोन प्रश्नांनी होते. आपत्तीनंतर किती वेळाची विदा गमावणे चालेल, या प्रश्नाच्या उत्तराला आरपीओ म्हणतात. काम किती वेळ बंद राहिलेले चालेल, याच्या उत्तराला आरटीओ म्हणतात. पहिल्यावरून प्रत किती अंतराने पाठवायची ते ठरते, तर दुसऱ्यावरून दुसरीकडे यंत्र, जोडणी व माणूस किती तयारीत ठेवायचा ते ठरते.

ही उत्तरे तंत्रज्ञाने देण्याची नसून मालकाने द्यायची असतात. मालकाला विचारले असता तो बहुधा 'काहीच गमवायचे नाही आणि लगेच सुरू झाले पाहिजे' असे सांगतो. त्यामुळे प्रश्न कामाच्या भाषेत विचारावा लागतो. गेल्या तासाभराच्या पावत्या हाताने पुन्हा भरता येतील का? कागदी पावतीपुस्तकावर किती तास काम निभावता येईल? हजेरीपटाचा सर्व्हर चार दिवस बंद राहिला तर नेमके काय अडेल? अशा प्रश्नांतून बहुतेक वेळा असे दिसते की पाच सर्व्हरपैकी एक किंवा दोनच खऱ्या अर्थाने तातडीचे आहेत, आणि बाकीच्यांसाठी रोजचा बॅकअप पुरेसा आहे. सर्व यंत्रांना एकच अंतर लावल्यास खर्च वाढतो आणि अरुंद जोडणीवर महत्त्वाच्या यंत्राची प्रत बिनमहत्त्वाच्या यंत्रामागे रांगेत अडकते.

फर्दापूर येथील निवासगृहाचे उदाहरण

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या सोयगाव तालुक्यातील फर्दापूर हे अजिंठा लेण्यांच्या पायथ्याचे गाव संभाजीनगर-जळगाव मार्गावर आहे. येथील निवासगृहे, उपाहारगृहे व दुकाने यांचा व्यवसाय लेण्यांना येणाऱ्या पर्यटकांवर अवलंबून असतो आणि मुख्यतः हिवाळ्याच्या हंगामात एकवटतो. पुढील आकडेमोड अशा ठिकाणच्या एका काल्पनिक निवासगृहाची आहे. ती पद्धत समजण्यापुरती असून प्रत्यक्ष आकडे प्रत्येकाने आपल्या यंत्रांवर मोजावे लागतात.

निवासगृहात एक यजमान संगणक असून त्यावर दोन आभासी यंत्रे आहेत, असे समजू. पहिल्यावर खोल्यांची नोंदणी व देयके, तर दुसऱ्यावर हिशेब व सामायिक फायली. दोन्ही मिळून ४०० गिगाबाइट विदा आहे आणि दिवसाला १२ गिगाबाइट बदल होतात. इंटरनेट जोडणीचा बाहेर पाठवण्याचा वेग सेकंदाला २० मेगाबिट आहे. येथे लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की जाहिरातीत सांगितलेला वेग बहुधा आत घेण्याचा असतो आणि प्रतिकृतीला बाहेर पाठवण्याचा वेग लागतो.

पहिली संपूर्ण प्रत पाठवण्यास, संपूर्ण जोडणी केवळ त्याच कामी लावली तरी, सुमारे ४५ तास लागतील. वेग सेकंदाला ५ मेगाबिट असता तर आठवडा लागला असता. म्हणून पहिली प्रत बाह्य डिस्कवर उतरवून दुसऱ्या ठिकाणी हाताने नेली जाते. फर्दापूरहून जळगाव सुमारे ६० किलोमीटर आणि छत्रपती संभाजीनगर सुमारे १०० किलोमीटर असल्याने हे काम एका एसटीच्या फेरीत होते. अशी डिस्क कूटबद्ध केलेली असावी, कारण तिच्यात सर्व पाहुण्यांची ओळखपत्रे असतात.

नंतरचे रोजचे १२ गिगाबाइट बारा तासांत समान वाटले गेले तर सेकंदाला सरासरी २.२ मेगाबिट वेग पुरतो. परंतु बदल समान वाटलेले नसतात. निवासगृहात खोल्या सोडण्याची व देयके करण्याची वेळ सकाळची. त्या तीन तासांत निम्मे बदल झाले तर गरज ४.४ मेगाबिटपर्यंत जाते. त्याच वेळी पाहुणेही त्याच जोडणीवरून छायाचित्रे पाठवत असतात. म्हणून राउटरमध्ये प्रतिकृतीसाठी काही वेग राखून ठेवावा लागतो. पंधरा मिनिटांचे अंतर ठरवले तरी प्रत पोहोचण्यास लागणारा वेळ त्यात मिळवावा लागतो, त्यामुळे प्रत्यक्षातील आरपीओ वीस-पंचवीस मिनिटांचा धरणे अधिक प्रामाणिक होय.

रस्त्याच्या खोदकामात केबल तुटून जोडणी सहा तास बंद राहिली तर बदल मूळ यजमानावर साचत जातात. साठ्याला जागा नसेल किंवा खंड फार लांबला, तर प्रणाली दोन्ही डिस्क पहिल्यापासून पडताळून जुळवू पाहते आणि हे काम अनेक तास चालते. या काळात प्रतिकृती जुनीच असते. त्यामुळे प्रतिकृती मागे पडल्याचा इशारा मालकाच्या किंवा देखभाल करणाऱ्याच्या भ्रमणध्वनीवर येण्याची व्यवस्था आवश्यक आहे. अनेक ठिकाणी प्रतिकृती महिनोन्‌महिने बंद असते आणि आपत्ती येईपर्यंत कोणाला त्याचा पत्ता नसतो. उलट बाजूने, बदलांचे प्रमाण एकाएकी कित्येक पटींनी वाढणे हाही इशाराच समजावा, कारण रॅन्समवेअर डिस्कवरील फायली भराभर पुन्हा लिहीत असल्याचे ते पहिले लक्षण असू शकते.

दुसरे स्थळ

प्रतिकृती ठेवण्याचे ठिकाण निवडताना, मूळ ठिकाणी येणारे कोणते संकट तेथेही त्याच वेळी येईल, हे पाहिले जाते. त्याच खोलीतील दुसरा संगणक यजमानाच्या बिघाडापासून वाचवतो, आगीपासून नाही. त्याच गावातील मालकाचे घर आगीपासून वाचवते, परंतु त्याच उपकेंद्राची वीज आणि त्याच मार्गाची केबल वापरत असते.

महाराष्ट्रातील अलीकडच्या आपत्ती या दृष्टीने बोधक आहेत. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ वेधशाळेने २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद केली आणि शहराच्या मोठ्या भागातील तळमजले पाण्याखाली गेले. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली व कोल्हापूर ही दोन्ही शहरे एकाच पुरात अडकली. सांगलीच्या दुकानदाराने आपली प्रत कोल्हापुरात ठेवली असती तर ती त्या आठवड्यात फारशी कामाची नव्हती. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणची बाजारपेठ वाशिष्ठीच्या पुरात बुडाली. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीत अनेक विभागांच्या कागदी नस्ती जळाल्या. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई व परिसराचा वीजपुरवठा एकाच वेळी खंडित झाला.

परदेशातील एक घटना छोट्या व्यवसायांच्या दृष्टीने अधिक जवळची आहे. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच या मेघसेवा कंपनीच्या विदाकेंद्राला आग लागली. काही ग्राहकांनी बॅकअपची सेवाही घेतली होती, परंतु त्या राखीव प्रती त्याच परिसरात होत्या आणि मूळ विदेबरोबर नष्ट झाल्या. पुढे २०२३ मध्ये तेथील न्यायालयाने अशा एका ग्राहकाला भरपाई देण्याचा आदेश दिला. मेघसेवा घेताना प्रत नेमकी कोणत्या शहरात ठेवली जाईल हे करारात वाचणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

फर्दापूरच्या परिसराला हा धडा संगणकाच्या पुष्कळ आधी मिळालेला आहे. अजिंठ्याची भित्तिचित्रे झिजत असल्याने त्यांच्या प्रती करण्याचे काम १८४४ साली रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याकडे सोपवण्यात आले. त्याने सुमारे वीस वर्षे खपून मोठ्या आकाराच्या प्रती तयार केल्या. त्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये एकत्र मांडलेल्या असताना १८६६ च्या आगीत चार-पाच वगळता सर्व जळाल्या. नंतर मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १८७२ पासून तेरा वर्षे पुन्हा प्रती केल्या. त्याही लंडनला गेल्या आणि १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टन येथील आगीत त्यांपैकी शंभराहून अधिक नष्ट झाल्या. मूळ चित्रांपासून हजारो मैल दूर नेऊनही प्रती एकाच छताखाली ठेवल्या गेल्या होत्या. आज फर्दापूरजवळच्या अभ्यागत केंद्रात लेणी क्रमांक १, २, १६ व १७ यांच्या प्रतिकृती उभारलेल्या आहेत. त्या पर्यटकांसाठी असल्या तरी मूळ लेण्यांवरील गर्दीचा भार कमी व्हावा हाही त्यांमागील हेतू आहे.

वरील निवासगृहासाठी तीन पर्याय संभवतात. मालकाची जळगावात किंवा संभाजीनगरात शाखा अथवा नातेवाइकाचे कार्यालय असल्यास तेथे जुना पण पुरेशी स्मृती असलेला संगणक ठेवता येतो. हा पर्याय स्वस्त असतो, परंतु तेथे इन्व्हर्टर, कुलूप आणि हाकेसरशी येणारा माणूस हवा. दुसरा पर्याय स्थानिक सेवादात्याकडे भाड्याने जागा घेण्याचा आहे. तिसरा मेघसेवेचा. ॲमेझॉनची विदाकेंद्रे मुंबई व हैदराबाद येथे, तर मायक्रोसॉफ्टची पुणे, मुंबई व चेन्नई येथे आहेत. मेघसेवेत प्रतिकृती झोपलेली असताना मुख्यतः साठवणुकीचे भाडे लागते आणि ती सुरू केल्यावर प्रक्रियक व स्मृतीचे पैसे सुरू होतात. एक-दोन यंत्रे असणाऱ्या व्यवसायाला हा व्यवहार बहुधा सोयीचा पडतो. मात्र विदा परत आणताना बाहेर पाठवण्याचे शुल्क आकारले जाते, याकडे अंदाजपत्रकात हमखास दुर्लक्ष होते.

साधने

मायक्रोसॉफ्टने विंडोज सर्व्हर २०१२ मध्ये हायपर-व्ही रेप्लिका ही सोय समाविष्ट केली. २०१२ आर२ या आवृत्तीपासून ३० सेकंद, ५ मिनिटे किंवा १५ मिनिटे असे अंतर निवडता येते आणि प्रतिकृतीची पुढे तिसऱ्या ठिकाणी आणखी एक प्रतही करता येते. दोन्ही यजमान एका डोमेनमध्ये नसतील तर परस्परओळखीसाठी प्रमाणपत्रे वापरावी लागतात. हे थोडे किचकट आहे, पण वर सांगितलेल्या कारणाने तेच अधिक सुरक्षित आहे. विंडोज १० किंवा ११ च्या घरगुती व कार्यालयीन आवृत्त्यांत रेप्लिकाची सोय नाही.

प्रॉक्समॉक्स व्हीई ही मुक्त स्रोत प्रणाली झेडएफएस या फाइलव्यवस्थेच्या आधारे प्रतिकृती करते आणि तिचे मूलनिर्धारित अंतर १५ मिनिटांचे आहे. तिची प्रतिकृती एकाच समूहातील यजमानांमध्ये चालते. असा समूह दूरच्या, तुटणाऱ्या जोडणीवर पसरवणे उचित नसल्याने ती एकाच इमारतीसाठी अधिक योग्य आहे. दूरच्या स्थळासाठी प्रॉक्समॉक्सच्याच बॅकअप सर्व्हरची जोड दिली जाते. व्हीएमवेअरच्या प्रणालीत व्हीस्फिअर रेप्लिकेशन असून, ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये ही कंपनी घेतल्यानंतर कायमस्वरूपी परवाने बंद झाले आणि अनेक छोटे ग्राहक अन्य प्रणालींकडे वळले. वीम यांसारखी स्वतंत्र साधने बॅकअप व प्रतिकृती दोन्ही करतात.

साधन कोणतेही असले तरी प्रतीतील विदा सुसंगत असणे महत्त्वाचे आहे. चालू यंत्राची तशीच घेतलेली प्रत ही अचानक वीज गेलेल्या संगणकासारखी असते. तो सुरू होतो, पण अर्धवट लिहिलेले व्यवहार दुरुस्त करावे लागतात. विंडोजमधील व्हीएसएस या सेवेच्या मदतीने विदासंचाला क्षणभर थांबवून सुसंगत टप्पा घेता येतो. असा टप्पा दर वेळी न घेता काही तासांनी एकदा घेतला जातो, कारण त्याचा भार चालू कामावर पडतो.

प्रतिकृतीत न येणाऱ्या वस्तूंची यादी स्वतंत्रपणे करावी लागते. यजमानाला लावलेली परवान्याची यूएसबी किल्ली, डिजिटल स्वाक्षरीचे टोकन, देयक छापणारा मुद्रक, खोल्यांची चुंबकीय कार्डे तयार करणारे यंत्र यांपैकी काहीही तारेवरून दुसऱ्या गावी जात नाही. काही हिशेबप्रणालींचा परवाना यंत्राच्या ओळखीशी बांधलेला असतो आणि प्रतिकृती सुरू होताच ती परवाना नाकारते. सर्व तांत्रिक तयारी निर्दोष असूनही एवढ्याशा किल्लीमुळे पुनर्प्राप्ती अडू शकते.

फेलओव्हर

मूळ यंत्राऐवजी प्रतिकृती सुरू करण्याच्या क्रियेला फेलओव्हर म्हणतात. नियोजित फेलओव्हरमध्ये मूळ यंत्र नीट बंद करून शेवटचे बदल पाठवले जातात व विदेची हानी होत नाही. पुराचा इशारा मिळाला असता हाच मार्ग घ्यावा. आकस्मिक फेलओव्हरमध्ये पोहोचलेल्या शेवटच्या टप्प्यापासून काम सुरू होते. तिसरा प्रकार चाचणीचा. त्यात मूळ यंत्र चालू असतानाच प्रतिकृतीची एक प्रत बंदिस्त जाळ्यात सुरू करून पाहिली जाते.

निर्णय कोणी घ्यायचा हे आधी ठरलेले नसेल तर आकस्मिक प्रसंगी बराच वेळ वाया जातो. अर्ध्या तासात परत येऊ शकणाऱ्या विजेसाठी फेलओव्हर करणे चुकीचे, आणि जळालेल्या सर्व्हरसाठी दुपारपर्यंत वाट पाहणे त्याहून चुकीचे. सर्वांत मोठा धोका दोन्ही यंत्रे एकाच वेळी चालू राहण्याचा असतो. केवळ इंटरनेट तुटले असताना जळगावची प्रतिकृती सुरू केली, तर फर्दापूरच्या स्वागतकक्षात मूळ यंत्रावर आणि बाहेरून येणारी आरक्षणे प्रतिकृतीवर नोंदली जातील. एकच खोली दोन पाहुण्यांना दिली जाईल आणि नंतर दोन विदासंच जुळवणे हाताने करावे लागेल. म्हणून मूळ यंत्र खरोखर बंद आहे, आणि वीज येताच आपोआप सुरू होणार नाही, याची खात्री करणे ही योजनेतील पहिली पायरी ठेवतात.

दुसऱ्या ठिकाणी जाळ्याचे पत्ते वेगळे असल्याने स्वागतकक्षातील संगणकांनी नवा सर्व्हर कसा शोधायचा हेही ठरवावे लागते. यासाठी पत्ता थेट न लिहिता नाव वापरणे आणि व्हीपीएनची जोडणी आधीच सिद्ध ठेवणे उपयोगी पडते. यंत्रे सुरू करण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी प्रवेशनियंत्रण, मग विदासंच, मग त्यावर चालणारी प्रणाली. मूळ जागा पूर्ववत झाल्यावर उलट दिशेने प्रतिकृतीकरण करून काम परत आणतात, त्याला फेलबॅक म्हणतात. तो कमी धंद्याच्या दिवशी, नियोजित पद्धतीने करावा. आपत्तीतून सावरल्यावर घाईने केलेल्या फेलबॅकमध्ये जुनी डिस्क नव्या विदेवर लिहिली जाण्याची चूक घडू शकते.

सराव

चाचणी न झालेली प्रतिकृती गृहीत धरता येत नाही. गिटलॅब या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ रोजी प्रतिकृतीतील बिघाड दुरुस्त करताना एका अभियंत्याकडून मुख्य विदासंच पुसला गेला. तेव्हा असे आढळले की कंपनीने योजलेल्या बॅकअप व प्रतिकृतीच्या पाच पद्धतींपैकी एकही विश्वासाने चालत नव्हती. सुमारे सहा तासांपूर्वी अन्य कामासाठी योगायोगाने घेतलेल्या एका प्रतीवरून सेवा पूर्ववत करण्यात आली. निष्णात अभियंत्यांच्या कंपनीची ही स्थिती असेल तर आठवड्यातून एकदा येणाऱ्या तंत्रज्ञावर चालणाऱ्या कार्यालयाबद्दल वेगळे सांगायला नको.

सरावात यंत्र सुरू झाले एवढे पाहून थांबू नये. कालची शेवटची पावती प्रतिकृतीत दिसते का, नवी पावती तयार होते का, प्रवेशासाठी लागणारे परवलीचे शब्द कोणाजवळ आहेत आणि पहिल्या फोनपासून पहिल्या पावतीपर्यंत किती मिनिटे गेली, हे नोंदवून ठेवतात. ठरवलेला आरटीओ चार तासांचा आणि घड्याळात सात तास लागले, तर योजनेतील आकडा बदलावा किंवा तयारी वाढवावी. अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात, त्यामुळे फर्दापूरच्या व्यवसायाला सरावासाठी आठवड्यातील स्वाभाविक दिवस आयताच मिळतो. तिमाहीतून एक सोमवार, आणि हंगाम सुरू होण्यापूर्वी एक, असे वेळापत्रक व्यवहार्य आहे. योजना कागदावर छापून स्वागतकक्षात व मालकाच्या घरी ठेवतात. ती त्याच सर्व्हरवर साठवलेली असण्याचे प्रकार अपवादात्मक नाहीत.

कायदेशीर बाबी

वस्तू व सेवा कर कायद्यानुसार हिशेबाची पुस्तके वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम दिनांकापासून ७२ महिने जपावी लागतात. कंपनी म्हणून नोंदलेल्या व्यवसायाने इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवलेल्या हिशेबाचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर ठेवणे बंधनकारक असून, २०२२ च्या दुरुस्तीनंतर तो दररोज घ्यावा लागतो. परदेशी विदाकेंद्रातील स्वस्त प्रतिकृती एकट्याने ही अट पूर्ण करत नाही.

संगणकीय हल्ल्यामुळे फेलओव्हर करावा लागला असेल तर 'सर्ट-इन' या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत तिची माहिती कळवावी लागते. जुलै २०२४ अखेर सहकारी व ग्रामीण बँकांना तंत्रसेवा पुरवणाऱ्या एका कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. तेव्हा राष्ट्रीय देयक महामंडळाने तिची जोडणी तात्पुरती तोडली आणि देशातील सुमारे ३०० छोट्या बँकांच्या देयकसेवांवर परिणाम झाला. स्वतःचा सर्व्हर शाबूत असलेल्या बँकांचे व्यवहारही त्यात अडले. त्यामुळे आरक्षणाची संकेतस्थळे, देयकसेवा व इंटरनेट सेवादाते अशा बाहेरच्या अवलंबनांची नोंद आणि त्यांच्या संपर्काचे क्रमांक योजनेच्या कागदी प्रतीत समाविष्ट केले जातात.